हवालदार आवळ्यांनी न घेतलेली उडी

एक प्रश्न विचारतो. ज्याच्या हातून माणूस गेला, त्यानं पुढे जगावं का?

उत्तर लगेच देऊ नका. मी लगेच दिलं होतं.

मी नाईक दानियल साळवे. गाव रहिमतपूर. पायदळात रेडिओ ऑपरेटर होतो, गुडघ्यामुळे मेडिकल बोर्डाने लवकर घरी पाठवलं. शौर्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. मी जे सांगणार आहे ते कुठल्याही सत्काराच्या भाषणात येत नाही.

आमची कंपनी तेव्हा लडाखमध्ये होती. मुख्य ठाणं खाली, एक लहान चौकी वर, आणि दोन्हीच्या मधे नाला. तिकडचा नाला म्हणजे आपल्याकडचा ओढा नव्हे. ते बर्फ वितळून आलेलं पाणी. सकाळी गुडघ्याएवढं असतं, ऊन चढलं की छातीला लागतं आणि तळातले धोंडे गडगडायला लागतात. म्हणून नियम पक्का होता. नाला सकाळीच ओलांडायचा. दोन्ही काठांवर खडकांना बांधलेली एक जाड दोरी होती. प्रत्येकाने कमरेच्या पट्ट्याचा कॅराबिनर, म्हणजे लोखंडी कडी, त्या दोरीत अडकवायची आणि मगच पाण्यात पाय घालायचा.

कंपनीत ख्रिस्ती दोघेच होतो. मी आणि हवालदार शांतवन आवळे. आवळे आष्ट्याच्या बाजूला कृष्णाकाठी वाढलेले. माझे वडील उपदेशक, म्हणून रविवारी सर्वधर्मस्थळाच्या खोलीत प्रार्थना मी करायची, हे आवळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"तू बोल," ते म्हणायचे. "मी आमेन म्हणतो. हवालदाराला येवढंच काम बास."

त्यांना देवाधर्माची फारशी ओढ नव्हती. ओढ होती ती नदीची. हत्यारं साफ करताना त्यांच्या पुराच्या गोष्टी सुरू व्हायच्या. तरुणपणी गावातली चार-पाच पोरं पुरात उतरून लोकांची जनावरं काढायची, कधी माणसं काढायची. त्यात आवळे पहिले. जवान कान देऊन ऐकायचे, कारण आमच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं.

"पुरात दोरी म्हंजे फास," ते सांगायचे. "बांधलेला माणूस बाभळीत आडकला की पाणी त्याला खाली दाबतंय. जीव जातो दोरीनंच. त्याला आधी सोडायचं."

"आन मंग? वाहत जाऊ द्यायचा?" शिपाई तुषार शेंडगे विचारायचा. फलटणजवळच्या गावचा, बावीस वर्षांचा, कालव्यात डुंबण्यापलीकडे पाणी न पाहिलेला.

"येडा का रं तू? सोडणाऱ्यानं मागनं उडी टाकायची. दोघांनी मिळून फुडच्या वळणावर काठ धरायचा. सोडायचं आन बघत बसायचं, हे आमच्यात न्हाई."

"मंग मला तुमीच सोडा उस्ताद. पाद्रीच्या भरवशावर नगं. ह्यो आधी प्रार्थना करील, मंग उडी टाकील."

पाद्री म्हणजे मी. सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवशी वरच्या चौकीतल्या एका जवानाला धाप लागली. उंचीवर असं होतं, आणि झालं की माणसाला खाली आणणं हाच इलाज. आवळ्यांच्या हाताखाली आमची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, त्याला घेऊन खाली निघाली. त्याला सांभाळून आणताना वेळ गेला. नाल्यावर पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पाणी चढलेलं होतं. आतून धोंड्यांचा आवाज येत होता.

आवळ्यांनी मला रेडिओ सेट लावायला सांगितलं. आम्ही चार्ली, खालचं ठाणं अल्फा.

"चार्ली फॉर अल्फा. नाला चढ़ा हुआ है. क्रॉस करें या रुकें? ओव्हर."

"अल्फा फॉर चार्ली. रात को मौसम खराब है. पेट्रोल कमांडर खुद देखे. ओव्हर."

म्हणजे निर्णय आवळ्यांचा. त्यांनी आजारी जवानाकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडत होते. उघड्यावर रात्र काढली असती तर तो वाचला नसता. त्यांनी ओलांडायचा हुकूम दिला. त्या हुकमाला मी आजही चूक म्हणत नाही.

आजारी जवानाला मधे धरून चौघे पलीकडे पोचले. मग तुषार उतरला. या काठावर उरलो आम्ही तिघं. आवळे, मी आणि आणखी एक शिपाई.

पाण्यात या काठाच्या बाजूला एक मोठा खडक होता. तुषार त्याच्या पुढे गेला आणि तळातला धोंडा त्याच्या पायांवर आला. तो आडवा झाला. कडी दोरीत होती, म्हणून वाहून गेला नाही. पण पाठीवर सामानाचा पिट्टू होता, प्रवाह मागून दाबत होता आणि दोरीने त्याला जागीच धरलं होतं. पाणी त्याच्या डोक्यावरून जाऊ लागलं.

अशा वेळी काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं होतं. या काठाची गाठ सोडायची, म्हणजे दोरीसकट माणूस झुलत पलीकडच्या काठाला लागतो. मी आणि तो शिपाई गाठीवर पडलो. ओल्या दोरीची ताणलेली गाठ दगडासारखी झाली होती. नखं निघाली, गाठ सुटेना.

आवळ्यांनी आपली कडी दोरीत अडकवली आणि ते खडकावर चढले. वाकून त्यांनी तुषारची मान पाण्याबाहेर धरली. तुषार खोकला. डोळे उघडे होते. मी हाकेच्या अंतरावर होतो. आवळे ओरडले ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"सोडतोय तुला! पाय फुडं धर! मी मागंच हाय!"

त्यांनी तुषारची कडी उघडली. तुषार गेला. त्याचं डोकं एकदा वर आलं, मग नाही.

आवळ्यांचा हात स्वतःच्या कडीवर होता. मी पाहत होतो. ती उघडायला अंगठ्याचा एक दाब लागतो. त्यांनी तो दाब दिला नाही. पाण्याकडे बघत ते खडकावर तसेच ओणवे राहिले.

मग गाठ सुटली. तुषारला सोडून एक मिनिटही झालं नव्हतं. दोरी झुलली आणि तिच्याबरोबर आवळे पलीकडच्या काठाला ओढले गेले. ज्या दोरीवर त्यांनी भरवसा ठेवला नाही, तिनेच त्यांना वाचवलं. थोडं थांबले असते तर दोघंही पलीकडे लागले असते.

"चार्ली फॉर अल्फा. एक जवान बह गया. शेंडगे. ओव्हर."

खालून उत्तर आलं, "अल्फा. रॉजर."

आम्ही दोघं रात्रभर याच काठावर राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर तुषार सापडला. नाला जिथे पसरट होतो तिथे, वाळूवर.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली. मी पाहिलं ते सांगितलं, ऐकलं तेही सांगितलं. "मी मागंच हाय" हे शब्दही सांगितले. अध्यक्षांनी आवळ्यांना विचारलं.

"नाईक साळवे ठीक बोलतो, साहेब," आवळे म्हणाले. "मैं नहीं कूदा."

कडी उघडणं ही निर्णयातली चूक ठरली, त्याबद्दल सक्त ताकीद मिळाली. उडीबद्दल कोर्टाने काहीच म्हटलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "कूदते तो दो ताबूत जाते." हिशेब बरोबर होता. त्या पाण्यात कृष्णेचा पोहणाराही मिनिटभरात गारठला असता. पण कृष्णाकाठी हा हिशेब चालत नाही आणि आवळे कृष्णाकाठचे होते. कोर्टाने त्यांना मोकळं केलं तेव्हा ते मोकळे झालेल्या माणसासारखे दिसले नाहीत.

आणि मग मी पुढे सरसावलो.

माझं बालपण पत्रकं वाटण्यात गेलं. बाजाराच्या दिवशी वडील चौकात उभे राहून बोलायचे आणि मी गर्दीत कागद वाटायचो. पाप, न्याय, शिक्षा हे शब्द त्यात ठळक छापलेले असायचे. क्षमा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असायची. ते पान मी कधी धड वाचलं नव्हतं. मला तत्त्व कळत होतं आणि तत्त्वाला तडजोड चालत नाही अशी माझी खात्री होती.

पुढच्या रविवारी आवळे नेहमीसारखे खोलीत येऊन बसले. मी उंबऱ्यावर थांबलो.

"उस्ताद, तुम्ही आत आहात तोवर मी आत येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवरची टोपी उचलली आणि माझ्या शेजारून बाहेर गेले. पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. पुढे अर्ज करून नोकरी सोडून गावी गेले. मी त्यांना निरोपही दिला नाही. मला वाटत होतं, मी सत्याच्या बाजूने उभा आहे.

पण एक गोष्ट खरी सांगतो. त्या खोलीत मग मलाही प्रार्थना जमली नाही. गुडघे टेकायचो आणि समोर भिंत दिसायची.

नोकरी सुटल्यावर मला मिरजेतल्या एका हॉस्पिटलात सुरक्षा सुपरवायझरचं काम मिळालं. एका दुपारी आष्ट्याकडून आलेली गाडी थेट अपघात विभागापाशी थांबली. स्ट्रेचरवर आवळे होते. त्यांनी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता.

ओळखायला मला वेळ लागला. अर्धा माणूस उरला होता. बरोबर त्यांची बायको होती, रूथ वहिनी. तिने मला फोटोत पाहिलं होतं.

"तुमी दानियल न्हवं? ह्यांच्यासंगं प्रार्थना करायचे ते?"

"होय."

"भाऊ, डाक्टर म्हणत्यात हे वाचतील. पर ह्यांनाच वाचायचं न्हाई. त्याला काय औषध हाय का वो?"

 ती बोलत राहिली. आवळे गावी आल्यापासून नदीकडे गेले नव्हते. पाऊस लागला की आतल्या खोलीत दार लावून बसायचे. अंगावर पाणी घ्यायचे नाहीत.

"मी वल्या फडक्यानं पुसून काढती, बाळाला पुसावं तसं," ती म्हणाली. "पुरात म्हशी वढून आणायचा ह्यो माणूस. आता बादलीत हात घालाया भितोय. गावात पोरं हसत्यात. भाऊ, आत चला. प्रार्थना करा ह्यांच्यासाठी."

"ड्युटीवर आहे," मी म्हणालो आणि गेटकडे निघून आलो.

गेटवर उभं राहवेना. रहिमतपूरला वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही या.

"येतो की," वडील म्हणाले. "पर लेका, मी यावं म्हणून बोलावतोयस, का तुला जावं लागू नये म्हणून?"

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोसंबी. आवळे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"सलाम, हवालदार," वडील म्हणाले. "माझं पोरगं तुमच्या हाताखाली होतं म्हणं. वळण लावायचं राहूनच गेलं तुमचं."

आवळे हलले नाहीत. वडील स्टुलावर बसून मोसंबं सोलू लागले. मला वाटलं, आता पत्रक निघणार. निघालं नाही. सारा दिवस त्यांनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. वहिनीला जेवायला पाठवलं, आवळ्यांना चमच्याने पेज पाजली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी उसाच्या तोडीवरून वाद घातला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो आणि निघून जायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवळे आपणहून बोलले. भिंतीकडेच बघत. उपदेशकाला आमच्याकडे मास्तर म्हणतात.

"मास्तर, पुरातला नेम म्हाईत हाय तुमाला?"

"न्हाई बा. आमच्या गावची नदी एवढी न्हाई. सांग की."

आवळ्यांनी नियम सांगितला. दोरी, बाभूळ, सोडणं आणि सोडणाऱ्याची उडी. मग नाला सांगितला. काहीही वगळलं नाही. माझ्या साक्षीत नव्हतं तेही सांगितलं. कडी उघडताना तुषारने त्यांच्याकडे पाहून मान डोलावली होती. त्याचा विश्वास बसला होता.

वडिलांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. 

"सोडणाऱ्यानं मागनं उडी टाकायची," ते म्हणाले. "हवालदार, पस्तीस वर्सं मी गावोगाव हेच सांगत फिरलो. येवढ्या थोडक्यात मला एकदाबी सांगता आलं न्हाई."

आवळ्यांनी मान वळवली.

"देवानं माणसाला बांधून ठेवला न्हाई. मोकळा सोडला. सोडला तसा माणूस वाहत गेला. मंग देव काठावर बसून बघत ऱ्हायला का? त्यानं मागनं उडी टाकली. पाणी गार हाय हे म्हाईत आसून टाकली, आन त्या पाण्यात जीव दिला. येशू म्हंजे दुसरं काय?"

"पर मी न्हाई टाकली, मास्तर."

"तू न्हाई टाकलीस. ते मी खोडणार न्हाई, कुणालाच खोडता यायचं न्हाई. पर आता वाहत कोण चाललाय? तूच न्हवं? आन तुझ्या मागनं कुणी उडी टाकलीय. त्यानं तुझा हात धरलाय. झटकायचा का धरून ठेवायचा, येवढंच तुझ्याकडं हाय."

आवळ्यांच्या तोंडातून आवाज निघाला. रडणं म्हणावं तर तसं नव्हतं. बुडणारा माणूस वर आल्यावर पहिला श्वास घेतो, तसा होता. शेजारचा म्हातारा उठून बसला. नर्स आली आणि वडिलांच्या खुणेवरून परत गेली.

बाहेर व्हरांड्यात मी वडिलांना म्हणालो, "मग माझी साक्ष खोटी होती का?"

"खरी होती. खरी दिलीस, बरं केलंस. पर तुला साक्षीला बोलावलं होतं. निकाल द्यायला कुणी बोलावलं होतं रं?"

"तुषारचं काय? त्याच्या बाजूने कोणी उभं राहायचं नाही?"

"उभा ऱ्हायलास की. मंग तुषारच्या घरी किती वेळा गेलास?"

एकदाही गेलो नव्हतो.

रविवारी मी वॉर्डात गेलो आणि स्टुलावर बसलो.

"उस्ताद, रविवार आहे."

त्यांनी डोळे मिटले. मी मिटले. मला एक शब्द सुचेना. एवढी पत्रकं वाटली, एवढी वाक्यं पाठ होती, त्यातलं एकही जिभेवर येईना. आम्ही तसेच बसलो. शेवटी आवळेच "आमेन" म्हणाले.

"मी अजून काही बोललो नाही, उस्ताद."

"कळलं मला," ते म्हणाले.

इथे गोष्ट संपवली असती तर ते पत्रक झालं असतं. देवाने माफ केलं म्हणून माणसांचं देणं फिटत नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर आवळ्यांनी वडिलांना विचारलं, आता काय करू. वडील म्हणाले, "आधी पोटभर जेव. मंग फलटणला जाऊ."

आम्ही तिघं गेलो. एसटीत आवळ्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते.  दोनदा मधल्या थांब्यावर उतरायला उठले. दोन्ही वेळा वडिलांनी नुसतं बाजूच्या सीटवर थोपटलं आणि ते परत बसले.

तुषारचे वडील गोठ्यापुढे वैरण तोडत होते. पलटणीतले आलो म्हटल्यावर त्यांनी खाट टाकली. आवळे खाटेवर बसले नाहीत. उभ्याने, रिपोर्ट द्यावा तसं, सगळं सांगितलं. घरच्यांना तोवर एवढंच माहीत होतं की मुलगा कर्तव्यावर असताना नाल्यात वाहून गेला. आता त्यांना कडी कळली आणि न घेतलेली उडीही कळली.

म्हाताऱ्याच्या हातात कोयता होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"आन आता कशाला आलायस?" ते म्हणाले. "तुज्या देवानं माफीची पावती दिली व्हय? ती दावाया आलायस?"

"न्हाई, काका. पावती न्हाई. तुमाला म्हाईत आसावं म्हणून आलो."

"झालं म्हाईत. नीघ."

आवळे वळले. आम्हीही उठलो. तेवढ्यात दारातून तुषारची आई बोलली. ती तिथे कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं.

"लय गार व्हतं का वो पाणी?"

आवळे थांबले. त्यांनी खोटं बोलावं असं त्या क्षणी मला वाटलं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने सत्यासाठी एकाची वाट लावली होती, तिथे खोटं हवंसं वाटलं.

"व्हय, मावशी. लय गार. पर त्याला कळायचं थांबलं आसंल लवकर. घाबरलेला नव्हता. माज्याकडं बघून त्यानं मान डोलावली."

"मान डोलावली," ती म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

वडील म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलून मग आमच्यामागे आले. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा म्हातारा मागून आला. कोयता आता हातात नव्हता.

"हे बघ," ते आवळ्यांना म्हणाले. "माफ केलं, आसं मी म्हणणार न्हाई. माज्या तोंडातनं ते यायचं न्हाई. पर तू काय केलंवतंस आता, ते मास्तरांनी सांगितलं मला. तसं परत करू नगंस. माज्या पोराला शेवटचा बघितलेला तूच हायस. तूबी गेलास तर ही बाई कुणाला इचारंल?" आणि मग, तुसडेपणाने, "ये अधनंमधनं. तिला बोलाया."

आवळे जातात. दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने जातात, अंगणात बसतात, आई विचारेल ते सांगतात. म्हातारा अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. चहा मात्र त्याच्याच हातचा येतो.

आवळे बरे झाले, असं लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. रात्री अजून दचकून उठतात. पहिल्यांदा कृष्णेत पाय घातला तेव्हा मी बरोबर होतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, उलटी केली आणि बाहेर आले. पुढच्या खेपेला गुडघ्यापर्यंत गेले. आता पावसाळ्याच्या तोंडाला नदीकाठच्या गावांतले तरुण त्यांच्याकडे दोरीचं काम शिकायला येतात. कधी बांधायचं, कधी गाठ सोडायची, कधी थांबायचं. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांसमोर उभे राहून सांगतात, "मी एक माणूस घालवलाय. कसा घालवला ते आधी ऐका." ते ऐकून काही जण उठून जातात. आवळे त्यांना अडवत नाहीत. जे बसून राहतात त्यांना शिकवतात.

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसतात. कितीतरी रविवार प्रभुभोजनाच्या वेळी जागचे उठले नाहीत. एकदा उठले. भाकरीचा तुकडा हातात घेऊन एवढा वेळ थांबले की रांग खोळंबली. कोणी घाई केली नाही.

आता तुषारबद्दल.

शिपाई तुषार शेंडगे कंपनी कमांडरांच्या चालीची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की एकदा पहारेकऱ्याने त्याला सॅल्यूट ठोकला. घरून आलेलं मिरचीचं लोणचं तो उशाखाली लपवायचा आणि मग स्वतःच सगळ्यांना वाटून टाकायचा. बहिणीची परीक्षा होती तेव्हा त्याने मला प्रार्थना करायला सांगितलं, आणि भरवसा नको म्हणून मारुतीलाही नारळ बोलला. आम्ही दोघं रविवारी खोलीत असताना तो बाहेर पायरीवर बसायचा आणि आमचे बूट राखायचा. त्या उंचीवर बूट कोण चोरणार होतं? विचारलं तर म्हणायचा, "आत तुमी त्याच्याशी बोला. भाईर कुणीतरी नगं का?"

तो गेला. त्याचं आयुष्य परत येणार नाही. त्याच्या नावावर आणखी एक मरण जमा व्हायची वेळ आली होती, आणि त्यात माझा वाटा होता. ते मरण टळलं. त्याचं श्रेय माझं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या भावकीत, तुमच्या बाकावर असा एक माणूस असेल ज्याच्याकडे पाहून तुम्ही मान फिरवता. तुम्ही खरे असाल, तो खोटा असेल. तरी आज त्याच्या घरी जा. उद्या नको, आज. काय बोलावं ते सुचलं नाही, तर त्याच्या हातचं प्यायला पाणी मागा.